जुन्या टर्मिनल मॉनिटरमधला फॉल्ट जीव सांभाळून कसा शोधावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७० आणि ८० च्या दशकांतली सिरीयल टर्मिनल्स (संगणकाला तारेने जोडायचे पडदा-कीबोर्ड), म्हणजे व्हीटी१००, एडीएम-३ए, वाईज ५० आणि त्यांची भावंडं, पुन्हा चालू करू पाहणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना पिक्चर ट्यूबची भीती असते. ती रास्तच आहे. पण ज्या भागाची भीती वाटायला हवी तो पॉवर सप्लायमध्ये असतो, आणि बरेचसे फॉल्ट झाकण उघडण्याआधीच ओळखता येतात. या दोन गोष्टी पुढे वारंवार येतील.

१. टर्मिनल आणि मॉनिटर यांत फरक काय? फॉल्ट नेमका कशात आहे हे कसं ओळखू?

टर्मिनलच्या एकाच खोक्यात तीन गोष्टी असतात: पॉवर सप्लाय, अक्षरं तयार करणारं लॉजिक बोर्ड आणि ती अक्षरं पडद्यावर काढणारा मॉनिटर, म्हणजे पिक्चर ट्यूब, योक (इलेक्ट्रॉनांचा झोत वळवणारी मानेवरची कॉइल), फ्लायबॅक (उच्च व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) आणि डिफ्लेक्शनचा, म्हणजे झोत वळवण्याचा, बोर्ड. ढोबळ नियम असा: चित्राचा आकार, जागा, उजेड किंवा स्थिरता बिघडली असेल तर मॉनिटर किंवा सप्लाय पाहा. चित्र रेखीव आणि स्थिर आहे, पण मजकूर चुकतोय, तर लॉजिक पाहा. नियमाला अपवाद आहेत, ते प्रश्न ७ आणि १० मध्ये.

२. टर्मिनल वीस-पंचवीस वर्षं बंद होतं. प्लग लावून बघू का?

अजून नको. आधी मागचा व्होल्टेज निवडण्याचा स्विच किंवा जोडणी पाहा. ११५ वर ठेवलेला सप्लाय २३० व्होल्टला लावला, तर अनेक स्विचिंग सप्लायमध्ये (मेनची वीज वेगाने चालू-बंद करून खालचं व्होल्टेज बनवणारे) फिल्टर कॅपॅसिटरवर ३२५ ऐवजी साधारण ६५० व्होल्ट चढतात आणि ते फुटतात.

मग झाकण काढून फक्त डोळे आणि नाक वापरा. मासळीसारखा किंवा आंबूस वास आला तर इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर गळले असण्याची शक्यता आहे. काही टर्मिनल्समध्ये सेटिंग जपणारी छोटी बॅटरी असते. तिच्याभोवती हिरवी-निळी पूड दिसली तर आधी बॅटरी काढून तांब्याचे ट्रॅक तपासा. मेनच्या तोंडाशी पारदर्शक, पिवळसर राळेत बुडवलेला कागदी फिल्टर कॅपॅसिटर दिसला तर तो भिंगाखाली धरा. राळेला केसासारख्या बारीक भेगा असतात, त्यातून ओल आत शिरते आणि वीज लावल्यावर काही मिनिटांत दाट, घाण वासाचा धूर निघतो. असा कॅपॅसिटर मी न तपासताच बदलतो. मात्र त्या जागी एक्स किंवा वाय असा सुरक्षा-वर्ग छापलेला त्याच वर्गाचाच हवा, साधा चालत नाही.

पहिल्यांदा वीज लावताना मेनमध्ये ६० ते १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. हा बल्ब टर्मिनलला वाचवतो, तुम्हाला नाही. शॉक लागायचा तितकाच लागतो.

३. आत जिवावर बेतणारं नेमकं काय असतं? सगळे फक्त अॅनोडचं नाव घेतात.

आकडे मांडून पाहू. बारा इंची एकरंगी ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे रबरी टोपीखालच्या उच्च व्होल्टेजच्या जोडणीवर, साधारण १२ किलोव्होल्ट असतात. ऐकायला भयंकर आहे, पण ट्यूबची धारकता जेमतेम ५०० पिकोफॅरडच्या आसपास धरली तर त्यात साठलेली ऊर्जा ०.०४ जूलच्या आत येते. आता स्विचिंग सप्लायचा फिल्टर कॅपॅसिटर पाहा: २२० मायक्रोफॅरड, ३२५ व्होल्ट. हिशेब जवळजवळ १२ जूलवर जातो, म्हणजे अॅनोडच्या तीनशे पट. अॅनोडचा झटका बसला की हात आपसूक मागे उसळतो आणि ट्यूबच्या मानेवर आपटतो किंवा धारदार पत्र्यावर चिरतो. तिथली खरी इजा अशी होते. फिल्टर कॅपॅसिटर मात्र हृदयावर घाला घालू शकतो, आणि ब्लीडर रेझिस्टर (वीज गेल्यावर कॅपॅसिटर रिकामा करणारा) आतून तुटलेला असेल तर प्लग काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो.

हे सगळं बंद टर्मिनलचं. चालू टर्मिनलमध्ये मेन, सप्लायची प्रायमरी बाजू आणि फ्लायबॅक, तिन्ही सतत ऊर्जा देत असतात. तिथे ०.०४ जूलचा हिशेब लागू नाही. चालू असताना अॅनोडची टोपी काढायची नाही, कधीच.

तिसरा धोका निर्वाताचा. बारा इंची काचेच्या पुढच्या पृष्ठावर हवेचा दाब चारशे किलोंच्या घरात असतो. जाड दर्शनी काच तो सहज पेलते. बारीक मान धक्का पेलत नाही. ट्यूब मानेला धरून कधी उचलू नका, आणि जवळ काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

४. पिक्चर ट्यूब डिस्चार्ज करायची योग्य पद्धत कोणती?

प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. अंगठी, घड्याळ, मनगटातलं धातूचं काही असेल तर उतरवून ठेवा. ट्यूबच्या नरसाळ्यावर बाहेरून काळा ग्राफाइटचा लेप असतो आणि त्यावर टेकलेली एक उघडी विणलेली तार किंवा स्प्रिंग असते. तुमच्या वायरची मगरपकड त्या तारेला लावायची. लोक इथेच चुकतात आणि ती जवळच्या कुठल्याही पत्र्याला किंवा बोर्डाच्या ग्राउंडला लावतात. मग साठलेला चार्ज नाजूक आयसींमधून वाट काढतो.

वायरचं दुसरं टोक उच्च व्होल्टेजला टिकणाऱ्या मोठ्या रेझिस्टरमधून, साधारण १ मेगओहम, लांब प्लास्टिक मुठीच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला जोडा. रेझिस्टरमुळे चार्ज हळू उतरतो, काचेला आणि सर्किटला धक्का बसत नाही. आता डावा हात पाठीमागे. उजव्या हाताने स्क्रूड्रायव्हरचं पातं अॅनोडच्या रबरी टोपीच्या कडेखाली, काचेला घासत, न ढोसता सरकवा. रबर थोडं चिकटलेलं असतं, जराशा प्रतिकारानंतर सुटतं. पातं आतल्या धातूच्या क्लिपला टेकल्याचं बोटांना कळतं. थेट वायर असेल तर कधी ‘टच्’ असा आवाज येतो, रेझिस्टर असेल तर बहुधा काहीच ऐकू येत नाही. आवाज आला नाही म्हणून चार्ज नव्हता असं धरू नका. पाच-सहा सेकंद टेकवून ठेवा.

दहा मिनिटांनी पुन्हा तेच करा. काच स्वतःच डायइलेक्ट्रिक आहे, तिच्यात मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो. ट्यूब काढून बाजूला ठेवायची असेल तर अॅनोड आणि ग्राफाइटचा लेप वायरने जोडूनच ठेवा.

५. आणि फिल्टर कॅपॅसिटर? तोही स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचा का?

नाही. ठिणगीने पातं वितळतं, ट्रॅक उडतो आणि तुम्ही दचकता. साधारण २.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, इन्सुलेटेड मुठींच्या दोन प्रोबमध्ये बसवून कॅपॅसिटरच्या दोन टोकांना धरा. वरच्या उदाहरणातला कॅपॅसिटर त्याने तीन सेकंदांत रिकामा होतो, पण दहा सेकंद धरा. मग मल्टीमीटरने डीसी व्होल्ट मोजा. दोन कॅपॅसिटर सिरीजमध्ये असतील तर दोन्ही वेगवेगळे मोजा.

६. साधा मल्टीमीटर पुरेल का? आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर खरंच लागतो का?

खालच्या व्होल्टेजसाठी, म्हणजे ५, १२, उणे १२ व्होल्टच्या लाइनसाठी चांगला मल्टीमीटर पुरतो. अॅनोडवर तो अजिबात लावू नका. १००० व्होल्टची मर्यादा असलेल्या मीटरमधून ठिणगी थेट हातात येऊ शकते. तिथे ४० किलोव्होल्टचा एचव्ही (उच्च व्होल्टेजचा) प्रोब लागतो, आणि त्याची ग्राउंड क्लिप आधी लावायची, टोक नंतर. फ्लायबॅक चालवणाऱ्या हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरही चालू असताना मल्टीमीटर नको. तिथे सप्लायच्या आठ-दहा पट उंचीचे पल्स असतात.

ऑसिलोस्कोप वापरणार असाल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (टर्मिनलला मेनपासून विलग करणारा) लागतोच. स्विचिंग सप्लायची प्रायमरी बाजू थेट मेनला जोडलेली असते. स्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लावली की अर्थमधून शॉर्ट होतो. यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला खरंच कळवळून सांगायचंय की तसं करू नका: मग स्कोपची पूर्ण बॉडी मेनवर जाते. टर्मिनलला ट्रान्सफॉर्मर द्या, स्कोपला अर्थ असू द्या. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे घरातला गळती पकडणारा ब्रेकर तुम्हाला वाचवायला येत नाही. दोन्ही हात दोन टोकांना लागले तर कुठलंच संरक्षण उरत नाही, म्हणून एकच हात आत.

७. झाकण न उघडता किती कळू शकतं?

लोकांना वाटतं त्याहून कितीतरी जास्त. खोलीत अंधार करा, सिरीज बल्बसह वीज लावा आणि ऐका. बीप आली का? कीबोर्डवरचे दिवे लागून विझले का? व्हीटी१०० चालू होताना स्वतःची तपासणी करतं आणि काही चुकलं तर कीबोर्डवरच्या एल१ ते एल४ दिव्यांनी सांगतं, पडदा मेलेला असला तरी. एडीएम-३ए मध्ये मायक्रोप्रोसेसरच नाही, सगळं सुट्या लॉजिक चिपांवर चालतं, त्यामुळे तिथे अशी तपासणी शोधू नका.

पडद्यापासून वीतभर अंतरावर हाताची पाठ धरा. केस उभे राहून बारीक चुरचुर जाणवली तर अॅनोडचं व्होल्टेज तयार होतंय, म्हणजे फ्लायबॅक आणि हॉरिझॉन्टल भाग जिवंत आहे. बंद केल्यावर मधोमध प्रकाशाचा ठिपका उमटून विरला तरी तोच निष्कर्ष.

मग ब्राइटनेस. व्हीटी१०० ला त्याचं बटण बाहेर नाही. सेट-अप दाबून वरच्या बाणाने उजेड वाढवायचा. ‘ट्यूब मेली’ म्हणून माझ्याकडे आलेलं एक टर्मिनल फक्त एवढ्याने उजळलं. कुणीतरी उजेड शून्यावर आणून ते सेटिंग मेमरीत जतन केलं होतं.

टंकलेलं उमटत नसेल तर आधी लोकल मोड (टंकलेलं बाहेर न जाता थेट पडद्यावर येतं) लावा. व्हीटी१०० वर सेट-अपमध्ये ४ दाबलं की लाइन आणि लोकल बदलतं. लोकलमध्ये अक्षरं उमटली पण लाइनवर नाही, तर २५ पिनांच्या कनेक्टरवर २ आणि ३ नंबरच्या पिना जोडून पाहा. तरीही काही उमटत नसेल तर सिरीयल लाइनची ड्रायव्हर चिप किंवा तिला लागणारे अधिक-उणे १२ व्होल्ट संशयित. मॉनिटरला हात लावायचं कारणच नाही.

८. बीप येते, पण पडदा पूर्ण काळा. आता काय?

ब्राइटनेस पाहून झाला असेल (प्रश्न ७) तर अंधारात ट्यूबच्या मानेच्या टोकाशी पाहा. नारिंगी ठिणगीएवढा उजेड दिसला तर हिटर, म्हणजे ट्यूबमधली तापणारी तार, पेटलाय. हिटर पेटलाय आणि केसांना चुरचुरही जाणवते, तर उरतात ग्रिडची (झोताचा जोर ठरवणाऱ्या भागांची) व्होल्टेजेस आणि व्हिडिओ सिग्नल. हिटर पेटत नसेल तर लगेच ट्यूबला दोष देऊ नका. अनेक मॉनिटरमध्ये हिटरचा पुरवठा फ्लायबॅकच्याच एका वेढ्यातून येतो. तिथे हॉरिझॉन्टल भाग बंद पडला की हिटरही विझतो. सगळं डिस्चार्ज करून मानेवरचा सॉकेट सरळ मागे ओढून काढा, डुलवू नका, आणि हिटरच्या दोन पिनांत ओहम मोजा. काही ओहम ते काही दशक ओहम आले तर हिटर शाबूत आहे.

९. एकच पांढरी रेष दिसते. आडवी असली काय, उभी असली काय, फरक पडतो का?

फार फरक पडतो. काही करण्याआधी ब्राइटनेस अगदी कमी करा, कारण सगळा इलेक्ट्रॉनांचा झोत एकाच ओळीवर पडतोय आणि फॉस्फर, म्हणजे पडद्याचा उजळणारा लेप, कायमचा जळतो.

आडवी रेष म्हणजे व्हर्टिकल डिफ्लेक्शन गेलं: आउटपुट चिप किंवा ट्रान्झिस्टर, तिथला कपलिंग कॅपॅसिटर, योकचं कनेक्टर. उभी रेष जास्त रंजक आहे. ती दिसतेय याचाच अर्थ फ्लायबॅक चालू आहे, नाहीतर उजेडच नसता. म्हणजे हॉरिझॉन्टल ऑसिलेटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर दोन्ही ठीक, फक्त योकच्या आडव्या कॉइलकडे जाणारी वाट तुटली आहे.

माझ्या बाकावर अशी उभी रेष घेऊन आलेल्या एका टर्मिनलमध्ये योकची चार पिनांची जोडणी पाहिली. वरून सगळं चकचकीत. बोर्ड उलटा करून, टॉर्च जवळजवळ आडवी धरून, दहापट भिंगाखाली बघितलं तेव्हा एका पिनेभोवती सोल्डरमध्ये पूर्ण गोल, राखाडी कडी दिसली. पिन त्या कडीच्या आत मोकळी हलत होती. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन झालेलं ड्राय सोल्डर. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं घातलं, काम झालं. फ्लायबॅकच्या पिना, योक, मोठे ट्रान्झिस्टर आणि पॉवर कनेक्टर, या चार जागी मी अशा कड्या नेहमी शोधतो.

फक्त ठिपका दिसत असेल तर दोन्ही डिफ्लेक्शन एकदम गेली. बहुधा योकचं कनेक्टरच निघालेलं असतं.

१०. चित्र पाण्यासारखं डुलतं. कॅपॅसिटर गेला का?

असेलही, पण आधी दुसरं कारण वगळा. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो आणि मेन ५० हर्ट्झची आहे, तर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राने चित्र सेकंदाला दहादा डुलतं. टर्मिनल पूर्ण निरोगी असतं. व्हीटी१०० मध्ये ५० की ६० हे सेट-अपमध्येच निवडता येतं. शेजारचा पंखा, स्पीकर, अॅडॉप्टर मीटरभर दूर नेऊन पाहा. तरीही डुलत असेल तर १२ व्होल्टच्या लाइनवर रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) मोजा.

उजेड वाढवला की चित्र फुगत असेल तर ते डुलणं नव्हे. तिथे अॅनोडचं व्होल्टेज भाराखाली खचतंय.

११. अक्षरं स्वच्छ दिसतात, पण चुकीची. ए दाबलं की सी येतं.

हा सुंदर फॉल्ट आहे, कारण तो स्वतःच पत्ता सांगतो. ए चा कोड ६५, सी चा ६७. डी दाबल्यावर एफ आलं, म्हणजे ६८ चं ७०, पण बी आणि सी बरोबर उमटले, तर २ किमतीचा बिट कायम १ ला अडकलाय. आता सेट-अपचा पडदा उघडा. तिथलाही मजकूर तसाच बिघडलेला असेल तर व्हिडिओ रॅम किंवा तिची वाट. तिथे सगळं नीट, तर कीबोर्ड किंवा सिरीयल चिप. अक्षर बरोबर पण त्याचे ठिपके गहाळ असतील तर अक्षरांची रॉम किंवा शिफ्ट रजिस्टर. या सगळ्यासाठी उच्च व्होल्टेजच्या बाजूला जावंच लागत नाही.

१२. पॉवर सप्लाय टिक-टिक करतो आणि चालूच होत नाही.

सप्लाय सुरू व्हायला बघतो, जास्त करंट दिसला की स्वतःला बंद करतो, पुन्हा बघतो. शॉर्ट बहुधा पलीकडे असतो: लॉजिक बोर्डावरचा टँटलम कॅपॅसिटर, हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा एखादा डायोड. वीज काढून, डिस्चार्ज करून प्रत्येक लाइनचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजा.

इथे दोन सापळे आहेत. सगळा भार काढून सप्लाय चालवला तर काही सप्लाय किमान भाराअभावीच सुरू होत नाहीत. डमी लोड, म्हणजे खोटा भार, लावावा लागतो. आणि सिरीज बल्ब फार कमी वॉटचा असला तरी निरोगी सप्लाय टिक-टिक करतो. व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज चढवण्याची सवय जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला ठीक आहे. स्विचिंग सप्लाय कमी व्होल्टेजला उलट जास्त करंट ओढतो, त्याला तो उपचार देऊ नका.

१३. सगळे कॅपॅसिटर एकदम बदलून टाकले तर?

माझं स्पष्ट मत: आधी निदान, मग बदल. चाळीस कॅपॅसिटर बदलताना एक उलटा बसला किंवा एक ट्रॅक उखडला की मूळ फॉल्टवर नवा फॉल्ट चढतो, आणि मग कुठला कुठला हे कळेनासं होतं. गळलेले, फुगलेले आणि मीटरवर नापास झालेले बदला. हॉरिझॉन्टल योकच्या सिरीजमधला कॅपॅसिटर नॉन-पोलर आणि मोठा एसी करंट पेलणारा असतो. तिथे साधा इलेक्ट्रोलायटिक बसवला तर तो तापून फुटतो.

१४. आतून चर्रचर्र आवाज आणि तिखट वास येतो.

बंद करा. तो ओझोन आहे, उच्च व्होल्टेज गळतंय. अॅनोडच्या टोपीखालची धूळ आणि चिकटपणा हे सर्वांत सोपं कारण. डिस्चार्ज करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच आणि रबर पुसा, पूर्ण वाळू द्या. ग्राफाइटचा लेप पुसू नका. गळती फ्लायबॅकच्या अंगातल्या भेगेतून असेल तर फ्लायबॅकच बदलावा. वरून लेप चढवणं थोडे दिवस टिकतं.

१५. पडद्याच्या कडेने बुरशीसारखे गोल डाग आलेत. पुसून जात नाहीत.

ते काचेवर नाहीत. ट्यूब आणि पुढची संरक्षक काच यांच्यामधला चिकट थर कुजतोय, व्हीटी१०० सारख्या टर्मिनल्समध्ये हे सर्रास दिसतं. चित्रावर परिणाम होत नाही, फॉल्ट शोधण्याशीही याचा संबंध नाही. उष्णतेने पुढची काच सोडवणारे लोक आहेत. पण काही ट्यूबांमध्ये ती काच हेच फुटण्यापासूनचं संरक्षण असतं, आणि उष्णता एका जागी एकवटली तर ट्यूबलाच तडा जातो. कडेला ताणून बसवलेली पोलादी पट्टी नसेल तर हात लावू नका. मजकूर वाचता येतोय तोवर मी डागांसकट वापरतो.

१६. ट्यूबच संपलीय हे खात्रीने कधी म्हणायचं?

सगळ्यात शेवटी. मानेच्या आत गेटरचा (उरलेली हवा शोषणाऱ्या लेपाचा) चंदेरी आरसा दिसत असेल तर तो पाहा. दुधी पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली, विषय संपला. तो चंदेरी असेल, हिटर पेटत असेल, ग्रिड आणि अॅनोडची व्होल्टेजेस बरोबर असतील, आणि तरी चित्र अंधुक राहून पंधरा-वीस मिनिटांनी जरासं उजळत असेल, तर कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) थकलाय. हिटरचं व्होल्टेज चढवून किंवा झटके देऊन ट्यूब ‘ताजी’ करण्याचा उपाय मी दुसरी ट्यूब हाताशी असल्याशिवाय करत नाही.

उलट, पडदा लख्ख उजळून परतीच्या तिरप्या रेषा दिसत असतील तर ते ट्यूब थकल्याचं लक्षण नाही. व्हिडिओ अॅम्प्लिफायर, ग्रिडचा बायस किंवा हिटर-कॅथोडमधला शॉर्ट तपासा.

१७. काम करताना मान तुटली. आता धोका आहे का?

‘हिस्स’ आवाज होऊन हवा आत गेली असेल तर निर्वात संपला, आता फुटून काच उडायची नाही. धोका भुकटीचा आहे. फॉस्फर नळीच्या आतल्या बाजूला असतो आणि काही जुन्या फॉस्फरमध्ये कॅडमियम असतं, नरसाळ्याच्या काचेत शिसंही. फुंकू नका, झाडू मारू नका. हातमोजे घाला, ओल्या कागदाने तुकडे टिपा, जाड पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या. अॅनोड मात्र त्याही अवस्थेत एकदा डिस्चार्ज करा: निर्वात गेला तरी काचेच्या दोन बाजूंचा कॅपॅसिटर जागेवरच असतो.